डब्बा टीव्हीचा मनोरा

सोलच्या दक्षिणेला लागून ग्वाचॉन नावाचं शहर आहे. तिथल्या राष्ट्रीय आधुनिक आणि समकालीन कला संग्रहालयात मधोमध गोल फिरत वर जाणारी चढण आहे आणि त्या चढणीच्या पोकळीत १८.५ मीटर उंचीचा मनोरा उभा आहे. हा मनोरा टीव्हींचा आहे. सर्वात मोठे संच २५ इंची, मग २०, १४, १० आणि शेंड्याकडे ६ इंची, असे एकूण १,००३. आकडा ३ ऑक्टोबर (१०/०३) या कोरियाच्या स्थापनादिनावरून घेतलेला. व्हिडिओ-कलाकार नाम जुन पाइक यांनी सोल ऑलिंपिकच्या तोंडावर, सप्टेंबर १९८८ मध्ये हा मनोरा पहिल्यांदा पेटवला आणि नाव ठेवलं ‘दादाइकसॉन’. हान घराण्याच्या बादशहाने सेनापती हान शिनला विचारलं होतं, तुला किती फौज हाकता येईल? तो म्हणाला, जितकी जास्त तितकी बरी. त्या उत्तरातले हे चार शब्द. आपल्याकडचं ‘अधिकस्य अधिकं फलम्’.

फेब्रुवारी २०१८ मध्ये मनोरा बंद करावा लागला, कारण जुन्या संचांमुळे आग लागण्याची भीती होती. मग वाद सुरू झाला. एक पक्ष म्हणाला, सगळ्या पिक्चर ट्यूब काढा, सपाट पडदे लावा, पाइक असते तर त्यांनीही हेच केलं असतं. दुसरा म्हणाला, ट्यूब गेली की काम गेलं. सप्टेंबर २०१९ मध्ये संग्रहालयाने जाहीर केलं की मूळ तंत्र शक्य तितकं टिकवायचं. तीन वर्षं काम चाललं. ७३७ पिक्चर ट्यूबवाले संच दुरुस्त केले किंवा जुन्या बाजारातून मिळवलेल्या संचांनी बदलले. वरच्या भागातले ६ आणि १० इंची असे २६६ संच बाहेरून तसेच दिसतील अशा बेताने एलसीडीचे केले. आठ चित्रफिती डिजिटल करून घेतल्या. १५ सप्टेंबर २०२२ रोजी, म्हणजे पहिल्या पेटवणीला बरोबर ३४ वर्षं झाली त्या दिवशी, मनोरा पुन्हा लागला. पण आठवड्यातून चार दिवस आणि दिवसाला दोनच तास.

सरसकट बदलायचं नाही हा २०१९ चा निर्णय बरोबर होता. त्यामागचं ‘मूळ’ हे कारण मात्र चुकीचं होतं. कारण चुकलं की पुढचे निर्णयही चुकत जातात, आणि या बाबतीत तो धोका समोर दिसतो आहे.

मुळात ‘मूळ ट्यूब’ म्हणजे कोणती? १९८८ चे संच २००३ सालीच बदलले गेले होते, सगळेच्या सगळे. तेव्हा पाइक हयात होते. म्हणजे २०१८ मध्ये जे विझले ते १९८८ चे टीव्ही नव्हतेच. २०२२ नंतर जे लागले त्यातले कित्येक तर दुसऱ्या कुणाच्या दुकानात, घरात आयुष्य काढून आलेले. तेव्हा ग्वाचॉनला जपलं जातंय ते १९८८ मधलं काचेचं भांडं नव्हे. जपला जातोय एका जातीचा उजेड आणि तो उजेड पाडण्याची कारागिरी. हे मान्य केलं की प्रश्न बदलतो. ‘ट्यूब ठेवावी की काढावी’ असं विचारण्याऐवजी ‘कोणत्या कामात ट्यूब नेमकं काय करते’ असं विचारावं लागतं.

पाइक यांची कारकीर्द या प्रश्नावर उत्तरांची रांगच लावते. जन्म १९३२, सोल. टोकियो विद्यापीठातून १९५६ ला पदवी, प्रबंध शोनबर्ग या संगीतकारावर. मग जर्मनी, १९५८ मध्ये प्रयोगशील संगीतकार जॉन केजची भेट, आणि मार्च १९६३ मध्ये वुपर्टाल शहरातल्या पार्नास गॅलरीत पहिलं एकल प्रदर्शन. तिथे त्यांनी पियानोंसोबत बिघडवलेले टीव्ही मांडले. हा माणूस संगीतातून आलेला होता, टीव्हीकडे त्याने चित्राचा पडदा म्हणून पाहिलंच नाही. त्याने तो वाद्यासारखा वाजवला.

‘मॅग्नेट टीव्ही’ (१९६५) घ्या. १७ इंची कृष्णधवल संच, वर ठेवलेलं जाड लोहचुंबक. ट्यूबच्या मानेतल्या इलेक्ट्रॉन गनमधून निघालेला झोत पोकळीतून पुढे धावतो, मानेवरच्या योकच्या वेटोळ्यांनी तो डावीकडून उजवीकडे, वरून खाली फिरवला जातो आणि काचेच्या आतल्या फॉस्फरच्या लेपावर आदळून उजेड पडतो. चुंबक त्या झोताला वाटेतच वाकवतो. पडद्यावर जी पाकळ्यांसारखी आकृती उमटते ते कुठलंही रेकॉर्डिंग नाही. तो त्या क्षणी वाकलेला झोत आहे. एलसीडीत असा धावणारा झोतच नसतो. तिच्यावर चुंबक ठेवलं तर काही होत नाही. तिथे ‘बदल’ करायचा म्हणजे आकृतीचं चित्रीकरण करून ते दाखवायचं, म्हणजे सतार काढून घेऊन सतारीची ध्वनिफीत लावायची. या कामात तडजोडीला जागा नाही.

आता ‘झेन फॉर टीव्ही’. वुपर्टालच्या प्रदर्शनासाठी आणलेल्यांपैकी एका बिघडलेल्या संचावर फक्त एक रेघ उरली, आणि पाइक यांनी ती तशीच मांडली. पुढे संच आडवा करून रेघ उभी केली. कुठल्याही टीव्ही मेकॅनिकला हा बिघाड पाठ असतो: व्हर्टिकल गेलं. योकच्या उभ्या वेटोळ्याला करंट मिळेनासा झाला की अख्खं चित्र मिटून एका आडव्या रेघेत येतं. ‘दादाइकसॉन’मधल्या एखाद्या संचावर अशी रेघ दिसली तर तंत्रज्ञ व्हर्टिकलची आयसी (चिप) आणि तिच्या पायांचा ड्राय सोल्डर, म्हणजे सैल झालेला टाका, तपासायला धावेल. ‘झेन फॉर टीव्ही’मध्ये त्याने तसं केलं तर तो कलाकृती पुसून टाकेल. एकच बिघाड, दोन अर्थ. म्हणूनच सगळ्या पाइक-कामांना एकच नियम लावता येत नाही.

‘टीव्ही बुद्धा’ (१९७४) मध्ये बुद्धमूर्तीसमोर टीव्ही आणि त्यावर कॅमेऱ्यातून तिचंच चित्र. इथे झोत वाकवायचा नाही, पण डब्याला वजन हवं, खोली हवी. बुद्धासमोर भिंतीवर टांगलेली पाटी लावून चालणार नाही, समोर काहीतरी बसलेलं असावं लागतं. ‘टीव्ही गार्डन’ (१९७४) मध्ये झाडांच्या मध्ये टीव्ही पसरलेले असतात, त्यांची संख्या जागेप्रमाणे कमीजास्त होत आलेली आहे. तिथे एक-दोन संच बदलले तर काम ढळत नाही, सगळे बदलले तर पानांवर पडणारा उजेड बदलतो.

पाइक स्वतः वस्तूंबद्दल हळवे नव्हते. १९६४ मध्ये बनवलेला त्यांचा के-४५६ हा यंत्रमानव १९८२ ला न्यूयॉर्कच्या रस्त्यावर त्यांनी मुद्दाम गाडीखाली येऊ दिला आणि त्याचा जाहीर कार्यक्रम केला. १९८४ च्या १ जानेवारीला पॅरिस आणि न्यूयॉर्क उपग्रहाने जोडून थेट प्रक्षेपण केलं, १९८६ मध्ये न्यूयॉर्क, टोकियो आणि सोल. या दुसऱ्या कार्यक्रमाचं नाव ‘बाय बाय किपलिंग’. पूर्व ती पूर्व आणि पश्चिम ती पश्चिम असं लिहिणाऱ्या, आणि आपल्या मुंबईत जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मलेल्या किपलिंगला तो रामराम होता. १९९३ मध्ये व्हेनिस बिएनालेत जर्मनीच्या दालनात हान्स हाके यांच्यासोबत काम मांडून सुवर्णसिंह मिळवला. १९९६ मध्ये पक्षाघात झाला, तरी २००६ मध्ये मायामीत निधन होईपर्यंत ते काम करतच राहिले, शेवटी शेवटी तर लेझर घेऊन. अशा माणसाच्या नावावर ट्यूबची पूजा बांधणं थोडं विनोदीच आहे. पण म्हणून ‘त्यांनी परवानगी दिली होती’ असं म्हणत सगळं उरकून टाकणंही तितकंच सोयीचं. कलाकाराने हयातीत बदल मान्य केला म्हणजे प्रत्येक पुढच्या बदलाला त्याचा अंगठा मिळाला, असं होत नाही.

आता मनोऱ्याकडे परत. इतके संच एकदम का मरतात?

ट्यूबचा कॅथोड, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणारा भाग, साधारण २० ते ३० हजार तास नीट काम देतो, मग उत्सर्जन घटतं. मेकॅनिकच्या भाषेत ट्यूब वीक झाली: चित्र मळकट, रंग उशिरा येतात, पांढऱ्यात लाल किंवा हिरवी झाक. रोज ८ तास आणि वर्षाला ३०० दिवस धरले तर १५ वर्षांत ३६ हजार तास होतात. १९८८ ते २००३ चा हिशोब असा ढोबळमानाने जुळतो. आता आठवड्याला ८ तास म्हणजे वर्षाला ४१६. ज्या जुन्या ट्यूबमध्ये ८,००० तास शिल्लक आहेत ती या वेगाने १९ वर्षं पुरायला हवी. कागदावर.

प्रत्यक्षात संच फक्त तासांनी मरत नाहीत, वयानेही मरतात. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वापर नसतानाही आतून सुकत जातात. एलओटीच्या, म्हणजे ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्ट पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या, आवरणाला चिरा पडतात. त्या उच्च दाबामुळे संच हवेतली धूळ ओढून घेतो, धुळीला ओल लागली की चिरेतून ठिणगी उडते, कडकड आवाज आणि तिखट वास येतो. आगीची भीती म्हणतात ती हीच. शिवाय सर्वात मोठा ताण चालू करतानाच्या क्षणी पडतो: थंड हीटर, रिकामे कंडेन्सर, करंटचा झटका. गरम-थंड, गरम-थंड होऊन सोल्डरचे टाके सुटतात. दोन तास लावून बंद करणं म्हणजे ट्यूबचे तास वाचवणं आणि बाकीच्या सर्किटला दर आठवड्याला चार झटके देणं. हा सौदा अजूनही फायद्याचाच आहे, पण फुकटचा नाही.

आणि संख्या. समजा एका संचात महिन्याला काही बिघडण्याची शक्यता शंभरात एक आहे. घरात एक टीव्ही असेल तर आठ वर्षांत एखाद वेळा मेकॅनिक बोलवावा लागेल. ७३७ संच असतील तर महिन्याला सात-आठ. हान शिनचं उत्तर फौजेला ठीक, दुरुस्तीच्या टेबलाला नाही. उष्णतेचाही असाच हिशोब. छोटे-मोठे मिळून सरासरी ६० वॅट धरले तर १,००३ संचांचे ६० किलोवॅट होतात, म्हणजे चढणीच्या पोकळीत २ किलोवॅटचे ३० गीझर एकदम लावल्यासारखं. म्हणून २०२२ च्या कामात थंडाव्याची व्यवस्थाही सुधारावी लागली.

एक संच दुरुस्त करायचा म्हणजे काय, तेही पाहावं. प्लग काढायचा. मग जाड इन्सुलेशनच्या स्क्रूड्रायव्हरला अर्थिंगची वायर बांधून त्याचं टोक ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली सरकवायचं आणि साठलेला चार्ज काढायचा. प्लग काढल्यावरही ट्यूब स्वतःच कंडेन्सरसारखी चार्ज धरून बसते, आणि थोड्या वेळाने पुन्हा थोडा चार्ज परत येतो, म्हणून हे दोनदा करायचं. ब्रशने धूळ काढायची. एलओटीचे पाय आणि योकचा सॉकेट भिंगाखाली बघायचा, टाक्याभोवती बारीक काळं वर्तुळ दिसलं की ड्राय सोल्डर. सप्लायचे कंडेन्सर बदलायचे, ८५ अंश उष्णता सोसणारे काढून १०५ अंशांचे घालायचे. मग चुंबकत्व घालवणारी डिगॉसिंग कॉइल फिरवून पडद्यावरचे रंगाचे डाग घालवायचे. शेवटी, आणि मनोऱ्यात हेच सर्वात वेळखाऊ, शेजारच्या संचांशी पांढरा रंग जुळवायचा. एकटा ठेवला तर उत्तम दिसणारा संच शेजाऱ्यांमध्ये निळसर दिसतो. वीक ट्यूबला हीटरचा दाब ६.३ व्होल्टवरून थोडा वेळ ८-९ पर्यंत नेऊन जागं करण्याची युक्ती जुन्या मेकॅनिकना माहीत आहे. कधी ट्यूब वर्ष-दोन वर्षं जगते, कधी तिथल्या तिथे मरते. संग्रहालयात असा जुगार खेळायचा तर तो लिहून ठेवूनच खेळावा.

एलसीडी लावली की हे सगळं संपतं, हा पहिल्या पक्षाचा दावा. पूर्ण खरा नाही. एनटीएससी या जुन्या प्रक्षेपण पद्धतीच्या चित्रात ५२५ रेषा, त्या दोन हप्त्यांत येतात, सेकंदाला सुमारे ६० अर्धी चित्रं. ट्यूबवर एक ठिपका धावतो आणि मागे उजेड विझत जातो. एलसीडी दोन अर्ध्या चित्रांना आधी सांधते, मग पूर्ण चौकट धरून ठेवते. सांधा नीट बसला नाही तर हलत्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. ‘दादाइकसॉन’च्या फितींमध्ये ग्योंगबोक राजवाडा, पंख्यांचं नृत्य, पार्थेनॉन, पॅरिसची विजयकमान असं सगळं झपाट्याने येतं-जातं. त्या वेगात हा फरक लपत नाही. वर ४:३ आकाराचे पडदे आता मुख्यतः औद्योगिक बाजारातच मिळतात, आणि तेही दहा-पंधरा वर्षांत बदलावेच लागतात. एलसीडी म्हणजे दुरुस्तीतून सुटका नव्हे, दुरुस्ती करण्याऐवजी फेकून देण्याची सोय.

तरीही ट्यूबचं रेशन करावं लागेल असं आम्ही म्हणतो, कारण ती आता कुणी बनवत नाही. २००५ मध्ये थॉम्सन या फ्रेंच कंपनीचा पिक्चर ट्यूबचा जागतिक धंदा विकत घेतला तो आपल्या व्हिडिओकॉनने. पैठण रस्त्यावरच्या चितेगावला टीव्ही बनत, भरूचला ट्यूबची काच. जग सपाट पडद्याकडे वळत असताना केलेला तो सौदा व्यापार म्हणून फसला, पण रंगीत ट्यूब बनवणाऱ्या जगातल्या शेवटच्या मोजक्या मंडळींत मराठवाड्याशी जोडलेलं हे नाव होतं. ते सगळे कारखाने गेले. काचेत शिसं घालून, आत फॉस्फर चढवून, हवा काढून मान वितळवून बंद करणं हे घरगुती काम नाही. कुणी हौशी माणूस गॅरेजमध्ये ट्यूब करणार नाही. जो साठा आहे तेवढाच आहे, आणि तो दर वर्षी घटतो.

त्या साठ्यावर एक मनोरा ७३७ तोंडांनी जेवतो. पाइक यांच्या इतर कामांना, जुन्या कॅबिनेटांचे यंत्रमानव, ‘टीव्ही गार्डन’, याच मधल्या मापाच्या रंगीत ट्यूब लागतात. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमधल्या १९९५ च्या ‘इलेक्ट्रॉनिक सुपरहायवे’त ३३६ टीव्ही आहेत, तोही त्याच बाजारात उभा. ‘मॅग्नेट टीव्ही’ची १७ इंची कृष्णधवल ट्यूब वेगळी हे खरं, पण ती सांभाळणारा मेकॅनिक तोच. मनोऱ्यासाठी सगळा साठा उचलायचा आणि ज्या कामांचं ट्यूबशिवाय काहीच उरत नाही त्यांना वाऱ्यावर सोडायचं, हे ‘मूळ’ या शब्दाच्या प्रेमातून होऊ शकतं. चूक हीच.

म्हणून सीमा वरून खाली सरकवत आणावी. २६६ पासून सुरुवात झालीच आहे. शेंड्याचे संच खालून दिसतात ते ठिपक्यांसारखे. चढणीवरून ते समोर येतात हे मान्य, पण पोकळीच्या पलीकडून, आणि ६ इंची काचेचा बाक त्या अंतरावरून कळत नाही. १४ इंची संच मेले की त्यांची जागा एलसीडीने घ्यावी आणि त्यातून निघालेले चांगले सुटे भाग खालच्या संचांकडे जावेत. डोळ्याच्या पातळीवरचे २० आणि २५ इंची मात्र शेवटपर्यंत ट्यूबचे ठेवावेत. तिथे काचेचा फुगीरपणा दिसतो, हाताला ऊब लागते. आणि प्रत्येक बदल मनोऱ्याजवळच्या फलकावर आकड्यात लिहावा: आज ट्यूब इतक्या, एलसीडी इतक्या. बाहेरून ओळखू येऊ नये अशा डब्यात एलसीडी बसवली असेल तर हा फलक अधिकच गरजेचा.

दुसरं, पैसा ट्यूबच्या गोदामापेक्षा माणसांवर जावा. पाइक यांच्यासोबत १९८८ पासून संच जोडणारे ई जॉन्ग-सॉन्ग यांच्यासारखे तंत्रज्ञ एका पिढीचे शेवटचे प्रतिनिधी आहेत. गोदामातली ट्यूब लावणारा, पांढरा रंग जुळवणारा हात नसेल तर ती नुसती जड काच. दोन-तीन तरुणांना पाच वर्षं पगार देऊन अशा माणसांच्या हाताखाली बसवणं हे कुठल्याही खरेदीपेक्षा स्वस्त पडेल. याच्या जोडीने प्रत्येक मापाचा एक चांगला संच प्रयोगशाळेत ठेवून त्याच्या उजेडाचा वर्णपट, तेजस्विता, विझण्याचा वेळ मोजून ठेवावा. उद्या कुणी नवा पडदा घेऊन ‘अगदी ट्यूबसारखा’ म्हणाला तर त्याच्याशी वाद घालायला हातात आकडे हवेत.

हा प्रश्न काचेपुरता नाही, हे पुढच्या पिढीने दाखवून दिलंच आहे. १९७९ मध्ये सोलला जन्मलेल्या किम आयोंग यांच्या ‘डिलिव्हरी डान्सर्स स्फीअर’ (२०२२) या चलचित्राला २०२३ मध्ये आर्स इलेक्ट्रॉनिका या माध्यमकला महोत्सवाचा गोल्डन निका पुरस्कार मिळाला, २०२५ मध्ये त्यांना एलजी-गुगनहाइम पुरस्कार. त्यांच्या जगात सोलच्या रस्त्यांवर सामान पोचवणारी मुलगी धावते आणि ते जग गेम इंजिनमध्ये, म्हणजे व्हिडिओ गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही, उभं असतं. चलचित्र फाइल म्हणून टिकेल. खेळता येणारं रूप मात्र एका विशिष्ट इंजिनवर, ग्राफिक्स कार्डवर, ड्रायव्हरवर अवलंबून. ते ट्यूबइतकं हळू मरत नाही. एका सुधारित आवृत्तीत, एका रात्रीत मरतं आणि वास येत नाही. तिथेही विचारायचं तेच: इथे यंत्र वाद्य आहे की फक्त पडदा?

‘झेन फॉर टीव्ही’बद्दल एक गोष्ट राहिली. सगळा झोत एकाच रेघेवर पडत राहिला की तिथलं फॉस्फर जळतं. ब्राइटनेस कितीही उतरवून ठेवली तरी हे काम आपली ट्यूब हळूहळू खातंच. शेवटी संच बंद असतानाही काचेवर एक तपकिरी पट्टी राहते, उजेडात तिरकं पाहिलं की दिसते. अशी संपलेली ट्यूब भंगारात जाऊ नये. नव्या संचाशेजारी, तारीख आणि चाललेले तास लिहून, ती मांडावी.